मोटर जळली

नवतपाचा तिसरा दिवस.
गोळीबार चौकातलं डांबर चपलेला धरून ठेवतं.
नंदनवार मावशी पदराच्या गाठीत कांदा बांधून
बाजाराला निघतात,
आणि मी ट्रंकेच्या तळातून लोकरी मोजे काढते,
डांबरगोळ्यांच्या वासाचे,
लग्नाआधी रामटेकच्या सहलीला घेतलेले.

मला थंडी वाजते आहे.
हे वाक्य या शहरात, मे महिन्यात,
मोठ्यानं म्हणायची सोय नाही.
मी ते भांडी घासताना म्हणते, नळाच्या आवाजात.
टाकीतलं पाणी दुपारी असं उतरतं
की दुसऱ्या कोणी हात मागे घेईल;
मी मनगटं धरते, मग कोपर,
शेकोटीपाशी बसल्यासारखी.

गच्चीवर मुगवड्या वाळत घातल्यात.
त्यांच्या शेजारी बसून पाहिलं काल, दीड वाजता.
ऊन पाठीवर पडतं, आत येत नाही.

हिवाळ्याची थंडी मला ठाऊक आहे,
ती दाराच्या फटीतून येते, फट बुजवली की संपते.
ही बेंबीच्या खालून निघते.
माठाचं असंच असतं, नाही?
बाहेर जितकी लू, पोटात तितकं गार.

डागाच्या रांगेत तीन तास बसले.
डॉक्टरीण म्हणाली, होतं असं कोणाकोणाला,
रक्त तपासू, लोहाच्या गोळ्या घ्या.
सातवा आठवडा, तिनं लिहिलं.
तो कागद मी रेशनकार्डात घडी करून ठेवलाय.

मागच्या वेळी सगळ्यांना सांगितलं होतं.
मग सगळ्यांना सांगावं लागलं.
तान्ह्या पोळ्यासाठी कोणीतरी हौसेनं आणलेला
लाकडी नंदी
अजून माळ्यावर आहे, वर्तमानपत्रात गुंडाळलेला.
चाकं त्याची एकदाही फिरली नाहीत.

गुणवंत कूलर दुरुस्त करतो.
मे महिना त्याचाच.
धरमपेठ, जरीपटका, मानेवाडा,
दिवसाला अकरा घरं, कधी बारा.
साऱ्या शहराला गारवा देऊन तो रात्री येतो,
ओल्या वाळ्याच्या वासाचा, बोटांना तारेचे ओरखडे.
परवा अंधारात त्याचा पाय माझ्या पायाला लागला.
"काऊन वं, बर्फात उभी होती का?"
मी काही बोलले नाही.
तोही काही बोलला नाही.
मग उठला, आणि त्यानं कूलर बंद केला.

त्या रात्री आवाज गेल्यावर कळलं
की आपण इतके दिवस किती मोठ्या आवाजात झोपत होतो.
घड्याळ ऐकू आलं.
खालच्या गल्लीतलं कुत्रं. त्याचा श्वास.
त्याच्या छातीवरून घाम ओघळत होता, गादीपर्यंत,
आणि त्याचे दोन्ही तळवे माझ्या पावलांवर,
खरखरीत,
तापलेले.

गल्लीला प्रश्न पडला, साहजिकच.
"काय बावा, साऱ्या नागपूरचे कूलर चालू
अन् तुझाच बंद?"
"मोटर जळली."
"तुझी?"
"मिळून नाही राहिली. कलकत्त्याहून येणार हाये."
लोक हसले. पानठेल्यावर दोन दिवस पुरलं ते.
तोही हसला त्यांच्यासोबत,
अंगावरचा बनियन पिळून काढावा इतका भिजलेला.

आज मावशी आल्या, विरजण मागायला.
दारातच थांबल्या.
बंद कूलरकडे पाहिलं.
मग खाली, माझ्या मोज्यांकडे.
मी पाय साडीच्या काठाखाली ओढले, उशिरा.

विरजणाची वाटी घेतली त्यांनी,
वर पदर धरला.
पायरी उतरता उतरता, मागे न पाहता म्हणाल्या,
"सांग गुणवंताले,
मोटरीची घाई नको करू म्हणा.
येईल आपल्या वेळेवर."